अनोळखी ताट आणि ओळखीचे फळ

अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले आज परदेशी नोकरीला असतात. सेवानिवृत्त झालेले आई-वडील कधीतरी त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून येतात. जाताना सामानात ज्वारीचे पीठ, लाल तिखट, शेंगदाण्याची नि जवसाची चटणी हटकून असते. परत आल्यावर शेजारी विचारतात, "तिकडचे काही खाऊन पाहिले की नाही?" बहुधा उत्तर येते, "छे हो, वासच सहन होईना!"

ज्यांनी वर्गात चाळीस-चाळीस वर्षे मुलांना नवे काही शिकवले, त्यांची जीभ नव्या पदार्थापुढे अशी का अडते? हा केवळ हट्ट नव्हे. त्यामागे शरीरशास्त्र आहे, आणि ते समजले तर प्रवास अधिक रुचकर होतो. एका बाबतीत तर तो अधिक सुरक्षितही होतो.

सर्वभक्षकाचा पेच

गाईला फारसा प्रश्न पडत नाही. तिचे खाद्य ठरलेले. पण माणूस किंवा उंदीर यांना जवळजवळ सर्व काही खाता येते. म्हणून नवे अन्न शोधणे त्यांच्या फायद्याचे, पण प्रत्येक नव्या घासात विषाचा धोका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६ साली या पेचाकडे लक्ष वेधले. उंदराला तर ओकताही येत नाही. म्हणून तो नवा पदार्थ आधी थोडासाच कुरतडतो. काही त्रास झाला नाही तरच पुढे जास्त खातो. नव्या अन्नाविषयीची ही शंका आपल्यातही आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलांना नवी भाजी भरवताना घरोघरी तिचा अनुभव येतो.

चव कोठे कळते?

आता एक छोटा प्रयोग करू या. वर्गात सहज करता येईल. डोळे मिटून नाक चिमटीत घट्ट धरा आणि बडीशेपेचे काही दाणे चावा. किंचित गोडी कळेल, पण ही बडीशेप आहे हे ओळखता येणार नाही. आता नाक सोडा. क्षणात बडीशेप ओळखू येते!

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच मूळ चवी कळतात. बाकी ज्याला आपण ‘स्वाद’ म्हणतो तो मुख्यत्वे गंध असतो. चावताना सुटणारे गंधकण घशाच्या मागून नाकात चढतात. वय वाढते तशी नाकाची ही शक्ती मंदावते. फिलाडेल्फियातील रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ ते ८० वयोगटातील निम्म्याहून अधिक व्यक्तींची गंधक्षमता बरीच घटलेली आढळली. त्यामुळे "इकडच्या जेवणाला चवच नाही" या तक्रारीतला काही दोष जेवणाचा, तर काही आपल्या नाकाचा असू शकतो. घरचा झुणका आपल्याला आठवणीनेही चविष्ट लागतो. नव्या पदार्थाच्या मदतीला ती आठवण नसते.

गंध चांगला की वाईट हे आपली समजूतही ठरवते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००५ साली लोकांना एकच वास दिला. कधी त्यावर ‘चेडर चीज’ असे लिहिले, तर कधी ‘अंगाचा वास’. वास तोच, पण चीजचे नाव वाचले की लोकांना तो अधिक सुखद वाटला. आपण फोडणीत चिमूटभर हिंग आनंदाने घालतो. त्याच हिंगाला युरोपात ‘सैतानाची विष्ठा’ असे नाव पडले होते!

ओळख वाढते कशी?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया प्लिनर यांनी १९८२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तरुणांना अपरिचित उष्णकटिबंधीय फळांचे रस वेगवेगळ्या वेळा चाखायला दिले. जो रस जास्त वेळा चाखला तो जास्त आवडू लागला. म्हणजे पहिल्या घासाला नाक मुरडले तर तो अंतिम निकाल समजू नये. एकदम पूर्ण ताट मागवण्यापेक्षा मुलाच्या किंवा सुनेच्या ताटातला एक चमचा, तोही चार-पाच वेळा, अधिक उपयोगी.

पण पहिली ओळख कोणत्या दिवशी करून घ्यावी, हेही महत्त्वाचे आहे. जॉन गार्सिया आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली दाखवले, की साखरिनचे गोड पाणी पिताना उंदरांवर किरणोत्सर्ग केला, तर ते पुढे ते पाणी टाळू लागतात. दोष पाण्याचा नव्हता. पण किरणोत्सर्गाने आलेल्या अस्वस्थतेशी शरीराने त्या चवीची गाठ घातली. माणसातही असे घडते. विमानप्रवासाने डोके जड झालेले, पोटात ढवळत असलेले, अशा दिवशी खाल्लेला नवा पदार्थ कायमचा नावडता होऊ शकतो. म्हणून पहिले एक-दोन दिवस आपली खिचडीच बरी.

झोप आणि पोट ताळ्यावर आले की ओळखीच्या धाग्याने सुरुवात करावी. मेक्सिकोत आणि वेस्ट इंडीजमध्ये एक लालभडक आंबट सरबत मिळते. ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांवरील मांसल निदलांचेच असते. इथिओपियाची आंबवलेली ‘इंजेरा’ ही पोळी आंबीलीची सवय असलेल्या जिभेला फार परकी वाटू नये. आणि आपल्या सामानातली ज्वारी मूळची आफ्रिकेची, मिरची व शेंगदाणा अमेरिका खंडातले! ठेचाही आपल्याकडे कोणीतरी प्रथम भीतभीतच चाखला असणार.

ओळखीच्या फळापासून सावध

इथवर अनोळखी पदार्थाला घाबरू नये असे म्हटले. आता उलट बाजू पाहू. वरूड-मोर्शीच्या संत्र्यावर वाढलेल्या माणसाला परदेशातल्या न्याहारीच्या टेबलावर एक मोठे, पिवळसर, किंचित कडवट फळ दिसते. ते ग्रेपफ्रूट. पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर ते आले असे मानतात. "हे तर आपल्या संत्र्याचे भावंड," असे म्हणून तो निर्धास्तपणे पेलाभर रस पितो. येथेच सावध राहायला हवे.

कॅनडातील डेव्हिड बेली आणि सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा परिणाम तपासत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तात औषधाचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले आढळले. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. १९९१ च्या अभ्यासात त्यांनी रसासोबत आणि पाण्यासोबत घेतलेल्या गोळीची तुलना केली. रसासोबत रक्तात पोचलेले औषध सरासरी २८४ टक्के, म्हणजे जवळपास तिप्पट भरले. एका व्यक्तीत तर साडेचार पटींहून अधिक.

असे का होते? आतड्याच्या अस्तरात ‘सीवायपी-३ए४’ नावाचे विकर असते. ते अनेक औषधांचा काही भाग रक्तात जाण्यापूर्वीच मोडून टाकते आणि गोळीची मात्रा हे गृहीत धरूनच ठरलेली असते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिन ही द्रव्ये या विकराला निकामी करतात. नवे विकर तयार व्हायला एक दिवस किंवा अधिक लागतो. म्हणून सकाळी रस आणि रात्री गोळी, अशी युक्ती चालत नाही. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिम्व्हास्टॅटिनसारख्या औषधाची पातळी अशी वाढली, तर स्नायूंना इजा होऊ शकते. पपनस आणि मार्मालेडची कडू संत्री यांतही ही द्रव्ये असतात. आपल्या नागपुरी संत्र्याबाबत मात्र ही भीती नाही.

सर्वच औषधांवर असा परिणाम होत नाही. तेव्हा स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, निघण्यापूर्वी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून "यातल्या कोणत्या औषधावर ग्रेपफ्रूट चालणार नाही?" असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर त्याच यादीवर लिहून घ्यावे.

बडीशेपेचा प्रयोग वर्गात झाला की विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. ज्यांचे आजी-आजोबा परदेशी निघाले आहेत, त्यांनी ही यादी चटणीच्या डब्याबरोबर आठवणीने सामानात ठेवावी.