दुधाची चिठ्ठी आणि सहकारातील संवाद

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळ येथे भोरचा फाटा फुटतो. त्या फाट्यापलीकडील डोंगरी पट्ट्यात भातशेतीला जोड असते ती दुभत्या जनावराची. उत्पादकाच्या लेखी दूध संस्था म्हणजे संकलन केंद्रावर हाती पडणारी चिठ्ठी: लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय.

संघटनेची मीमांसा करणाऱ्यांनी भांडवल आणि व्यवस्थापन यांवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष चेस्टर बर्नार्ड यांनी मात्र 1938 मध्येच समान उद्दिष्ट व सहकार्याची इच्छा यांच्या जोडीला संवाद हा संघटनेचा मूलघटक मानला. टेलिफोनवाल्याला हे सुचावे यात नवल नाही. सहकारातील धुरीणांना ते अनेकदा सुचत नाही, हे नवल.

गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली उतरलेल्या प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात. समजा, काल 3.6 लागलेली फॅट आज 3.2 लागली. सुका चारा कमी पडला तरी फॅट उतरते, आणि यंत्र बिघडले तरी आकडा उतरतो. यांपैकी काय घडले, ते चिठ्ठी सांगत नाही. जुन्या गर्बर पद्धतीत आम्ल घालून नळी फिरवावी लागे, वेळ जाई. पण नळीतील स्निग्धांशाचा थर उत्पादकाला डोळ्यांनी दिसे. आजचे यंत्र मिनिटभरात आकडा देते, दाखवीत मात्र काही नाही. मग पारावर कुजबुज सुरू होते आणि सभासद खाजगी गवळ्याकडे वळतो. गवळ्याचा दर अधिक असतोच असे नव्हे. तो दारात येतो, विचारपूस करतो, अडीनडीला उचल देतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने बंधनकारक केली आहे. हिशेब व लेखापरीक्षण अहवाल तीपुढे ठेवावेच लागतात. तथापि कित्येक सभांत अहवाल वाचला असे समजून 'मंजूर, मंजूर' होते आणि चहा येतो. फॅट का उतरली, हा प्रश्न विषयपत्रिकेत बसत नाही. शिवाय तो विचारू शकेल अशी व्यक्ती बहुधा सभेत नसतेच. गोठा सांभाळते, वैरण घालते, धार काढते ती घरची बाई. सभासदत्व असते नवऱ्याच्या नावावर, आणि सभेची नोटीसही त्याच्याच नावे निघते.