माकुलाच्या तंतूतील वीज

अंधेरीच्या पश्चिमेस वेसाव्याच्या बंदरावर उतरणाऱ्या मासळीत माकूल हा, पापलेट-सुरमईच्या मानाने, दुय्यमच जिन्नस. कोळीण त्याची कातडी सोलते, आतली पारदर्शक पट्टी एका झटक्यात ओढून काढते आणि पांढरी पिशवी पाटीत टाकते. त्या पिशवीच्या भिंतीत नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढा जाड चेतातंतू असतो, आणि मज्जातंतूंतील विजेविषयी मनुष्यास जे निश्चित ज्ञान झाले ते बव्हंशी या जीवाच्या विलायती भाऊबंदांपासून झाले, हे सांगितल्याने बाजारभावात अर्थातच काही फरक पडत नाही.

या तंतूकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते जे. झेड. यंग यांनी, १९३६ च्या सुमारास. पुढे १९३९ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी प्लिमथ येथे त्याच्या पोटात विद्युदग्र घातले आणि, महायुद्धाने खीळ घातली तरी, १९५२ मध्ये त्यातील विजेचे संपूर्ण गणित मांडले.

तंतू स्वस्थ असता त्याभोवतीच्या पातळ पटलाची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ६० ते ७० मिलिव्होल्ट ऋण असते. आत पोटॅशियम विपुल, बाहेर सोडियम विपुल, आणि हा बंदोबस्त राखण्यासाठी पेशी आपली शक्ती अखंड खर्चीत असते. एखाद्या जागी हा विजेचा भेद पुरेसा घटला की तेथली सोडियमची दारे उघडतात, धनभारित सोडियम आत घुसतो, त्यामुळे भेद अधिकच घटून आणखी दारे उघडतात, आणि क्षणार्धात आतली बाजू धन होऊन बसते. मग ती दारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि पूर्वस्थिती येते. तोवर शेजारच्या पटलातही हीच धामधूम सुरू झालेली असते, आणि संदेश असा पुढे सरकतो. मागची दारे मात्र काही काळ उघडण्यास असमर्थ असल्याने संदेश उलट फिरत नाही. तारेतील विजेशी याची तुलना करणे फसवे आहे, कारण येथे मुख्य व्यवहार पटलातून आडवा होतो आणि संदेश ठिकठिकाणी नव्याने जन्मतो, म्हणून तो वाटेत क्षीण होत नाही. १९६१ मध्ये तर तंतूतला गर पिळून काढून पोटॅशियमचा द्राव भरला, तरी उरलेल्या नळीने आपले काम चालूच ठेवले.

आपल्या कित्येक तंतूंवर मेदाचे वेष्टन असते. तेथे दारे उघडण्या-मिटण्याची ही घडामोड केवळ वेष्टनातल्या फटींपाशी होते, आणि संदेशाचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो. माकुलाच्या तंतूत तो २० च्या आसपास. वेष्टनाची सोय नसता संकटकाळी पिशवी आकसून, पाण्याची चिळकांडी सोडीत निसटायचे, तर वेगासाठी तंतू जाड करण्यावाचून त्याला दुसरा इलाज नव्हता.