एशियन टाउनमधला पंधरा ऑगस्ट

कतारमध्ये पंधरा ऑगस्टला सुट्टी नसते. दूतावासातील सकाळचे ध्वजवंदन आटोपून आपण कार्यालय गाठतो, तोवर बांधकामावरचा कामगार निम्मे काम उरकून बसलेला असतो. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करण्यास बंदी असल्याने त्याचा दिवस पहाटेच सुरू होतो. त्यामुळे स्वातंत्र्यदिनाचा मेळावा सर्वांसाठी भरवायचा असेल, तर आधी वेळ ठरवावी, मग खाद्यपदार्थ. लगतच्या शुक्रवारची संध्याकाळ बहुतेकांना सोयीची.

दोह्यातील एखादे हॉटेल अधिक सुखावह ठरेल, हे मान्य. पण क्रिकेटचे मैदान, खुला रंगमंच, चित्रपटगृहे आणि दुकाने असलेले एशियन टाउन उभारले गेले तेच मुळी कामगार वसाहतींच्या शेजारी. तेथल्या मराठी माणसाला निमंत्रण द्यायचे आणि येण्याजाण्याचा खर्चही त्याच्याच माथी मारायचा, यात कसला मान? खुल्या जागेत कार्यक्रम करायचा झाल्यास परवानगीचे काम बरेच आधी हाती घ्यावे. पन्नास-साठ जणांसाठी उपाहारगृहाचे दालन पुरते, आणि ऑगस्टच्या दमट उकाड्यात तेच शहाणपणाचे.

सजावटीत मात्र उत्साहाच्या भरात चुका होतात. केशरी, पांढरा आणि हिरवा हे रंग हवे तितके वापरावेत. ध्वज म्हणून ध्वज वापरला की २००२ची ध्वजसंहिता आठवावी. मेजावर अंथरण्यासाठी किंवा व्यासपीठ झाकण्यासाठी तो नसतो; रुमाल, उशा यांवर त्याची छपाई करू नये; त्यावर मंडळाचे नावही नको. लांबी आणि उंची यांचे प्रमाण ३:२. पूर्वी कापड हातमागाचे लागे, डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीने यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचेही चालते.

केकचा प्रश्न हमखास निघतो. २०१३च्या नाताळात कोइम्बतूरला तिरंगा व अशोकचक्र असलेला ६ बाय ५ फुटांचा केक कापला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२१मध्ये निर्णय दिला की, हा राष्ट्रध्वजाचा अपमान नव्हे. कायद्याने प्रश्न मिटला. तरी चक्रावर सुरी चालवण्याची हौस कशाला? झेंडावंदनानंतरची जिलबी आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या आठवणीत आहे. तीच ठेवावी, फक्त ऐनवेळी तळून घ्यावी. इथल्या हवेत ती तासाभरात मऊ पडते.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे. ते ध्वनिफितीवर न सोडता सर्वांनी मिळून गावे, आणि सुरुवात वसाहतीतून आलेल्या एखाद्याला करू द्यावी. पाहुण्यांची भाषणे त्यानंतर, तीही दोनच.

याच मंडळींना १८ डिसेंबरलाही बोलवावे. शेख जासिम बिन मोहम्मद अल थानी यांनी १८७८मध्ये सूत्रे हाती घेतली, त्या स्मरणार्थ कतारचा हा राष्ट्रीय दिन २००७पासून पाळला जातो, आणि तो सार्वजनिक सुट्टीचा आहे. हवाही तेव्हा आल्हाददायक असते. त्या दिवशी कतारचा नऊ दातांचा तांबूस-पांढरा ध्वज लावावा, आणि शेजारी तिरंगा असल्यास दोहोंचा आकार सारखा असावा, काठ्या मात्र स्वतंत्र.

मेळावा संपला की निघण्यापूर्वी एक फेरी मारावी. मुलांच्या हातचे कागदी झेंडे खुर्च्यांखाली पडलेले असतात. ते गोळा करून घरी न्यावेत आणि एकांतात, आदराने त्यांचे विसर्जन करावे.