कतरणीच्या गोणीत काय आहे?

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत तयार कपडे शिवणारे आपले अनेक बंधू आहेत. कटिंग मास्टरने थान कापले की शंभर किलोंमागे दहा-पंधरा किलो कापड कतरण होऊन पडते. पैसे दिलेले कापड असे जाणे हा इसराफच. सुती कतरणीला यंत्रे पुसण्यासाठी गिऱ्हाईक असते. टेरीकॉटला मात्र फारसा भाव येत नाही, कारण त्यात सूत आणि पॉलिएस्टर एकजीव झालेले असतात.

हा गुंता सोडवण्याच्या मागे आता विद्यार्थी लागले आहेत. अमेरिकेतील एमआयटीत २००४ साली सुरू झालेल्या आयजेम स्पर्धेत निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी जिवाणूंची जनुके बदलून त्यांच्याकडून हवी ती विकरे, म्हणजे एन्झाइम, बनवून घेतात. कापडाचा कचरा हाही त्यांचा एक विषय. सेल्युलेज हे विकर सुताची साखर करते, पॉलिएस्टरला शिवतही नाही. उरलेल्या पॉलिएस्टरसाठी पेटेज आहे. ते बनवणारा जिवाणू जपानी संशोधकांनी २०१६ साली जाहीर केला. पेटेज पॉलिएस्टरचे मूळ घटक सुटे करते आणि त्यातून पुन्हा नवा धागा निघू शकतो.

पण धाग्यातले पॉलिएस्टर ताणून घट्ट झालेले असते, विकर त्यात सहज शिरत नाही. रंगही आड येतो. त्यामुळे उद्याच कोणी यंत्र घेऊन दारात येईल, असे आम्ही म्हणणार नाही.

तरी जुन्या कपड्यांपेक्षा कारखान्याची कतरण बरी: बटन नाही, चेन नाही आणि कापड कशाचे ते मालकाला ठाऊक असते. सुती, पॉलिएस्टर, टेरीकॉट अशा वेगळ्या गोण्या ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो. सुती गोणीचा भाव तर आजही वेगळा मिळतो. लायक्रा असलेली कतरण या तिन्हींत मिसळू नये.