वावरापासून मंत्रालयापर्यंतच्या पायऱ्या

दरवर्षी १ जुलैला दारव्ह्याच्या पंचायत समितीत कृषी दिन साजरा होतो. वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि चांगले पीक काढणाऱ्या शेतकऱ्यांचा सत्कार होतो. पेरणीचे दिवस असतात. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा जीव वावरात अडकलेला असतो. कोणाची पऱ्हाटी नुकती जमिनीवर आलेली असते, तर कोणाचे सोयाबीन दडपल्यामुळे दुबार पेरणीची वेळ आलेली असते. भाषण लांबले की माणसे खुर्चीच्या कडेवर सरकून बसतात.

या सभागृहात एक गोष्ट सांगायची राहून जाते. ज्या माणसाच्या तसबिरीला हार घातला, त्याच माणसाच्या अहवालातून हे कार्यालय उभे राहिले आहे. राज्याच्या धोरणात शेतकऱ्याने शिरायचे तर कोणत्या वाटेने, याचे उत्तर या एका आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसेल.

लदेणी थांबली, नांगर आला

दारव्ह्याहून दिग्रसमार्गे पुसदला निघालो की आपण बंजारा तांड्यांच्या मुलुखात शिरतो. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारा हा समाज. त्या फिरत्या व्यापाराला ते लदेणी म्हणत. आगगाडी आली आणि लदेणी मोडली. कापसासाठी टाकलेला यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद रूळ दारव्हा-मोतीबागवरूनच गेला. तीच आमची ‘शकुंतला’. तिच्या शिट्टीवर वेळ ओळखणारी पिढी अजून इथे आहे, गाडी मात्र थांबली. ज्या आगगाडीने कापसाला बाजार दिला, तिनेच बंजाऱ्यांच्या बैलांचे काम काढून घेतले. तांडे थांबले आणि माळरान फोडून शेती करू लागले.

पुसद तालुक्यातील गहुली हे असेच वसलेले गाव. तिथे १ जुलै १९१३ रोजी वसंतराव जन्मले. वडील फुलसिंग हे तांड्याचे नायक आणि शेतकरी. मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकला आणि वकील झाला. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली त्याने वकिलीचे धडे घेतले. पंजाबराव पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी शिकावे म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. १९४१ साली वसंतरावांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्या काळात दोन्ही घरांना हे पचणे सोपे नव्हते.

मग पायऱ्या सुरू झाल्या. १९४६ साली पुसदचे नगराध्यक्षपद. १९५२ साली मध्य प्रदेशच्या विधानसभेत आमदारकी (तेव्हा आपली राजधानी नागपूर होती) आणि महसूल खात्याचे उपमंत्रिपद. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा सहकार आणि पुढे कृषी ही खाती. १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर महसूल. ५ डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपद, ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ हा मान दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही.

निर्णय गावाजवळ आणणारा अहवाल

त्यांच्या सगळ्या कामांत मला सर्वांत मोठे वाटते ते मुख्यमंत्री होण्याआधीचे. १९६० साली सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. देशपातळीवरच्या बलवंतराय मेहता समितीने गटावर, म्हणजे पंचायत समितीवर, भर दिला होता. नाईक समितीने जोर दिला जिल्ह्यावर. रस्ता, दवाखाना, प्राथमिक शाळा, लहान बंधारा ही कामे पेलायची तर पैसा, अभियंता आणि अधिकारी एका ठिकाणी असायला हवेत, आणि ते ठिकाण शेतकऱ्याला एका दिवसात जाऊन परत येता येईल इतके जवळ हवे, हा त्यामागचा हिशोब. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या सभागृहाबाहेर ठेवायचे, हेही ठरले. त्यामुळे गावातल्या नव्या माणसाला तिथे जागा मिळाली. १९६१ चा कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला.

या कायद्याने गावात घडलेली गोष्ट साधी होती. बैलगाडी सोडून, धोतराचा सोगा सावरत एखादा शेतकरी सभापतीच्या खुर्चीत बसू लागला. अंदाजपत्रक वाचायला शिकला. गटविकास अधिकाऱ्याला ‘हा पूल या पावसाळ्याआधी का झाला नाही?’ असे विचारू लागला. राजकारणाची शाळा तालुक्याला आली.

या शाळेतून कोण कोण घडले ते पाहा. वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक आधी गहुलीचे सरपंच होते, मग पंचायत समितीचे सभापती आणि यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले, आणि १९९१ साली मुख्यमंत्री. नाल्यावरचा बांध फुटला की पीक कसे वाहून जाते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्यांच्याच काळात, १९९२ साली, जलसंधारण हे स्वतंत्र खाते उभे राहिले. अलीकडे तेच मृद व जलसंधारण खाते दारव्हा-दिग्रसचे आमदार संजय राठोड यांच्याकडे आले. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. तासगावच्या शेतकरी कुटुंबातले आर. आर. पाटील शिकत असताना रोजगार हमीच्या कामावर राबले, अकरा वर्षे जिल्हा परिषदेत बसले आणि पुढे ग्रामविकास मंत्री झाले. २००० साली त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेले. माणसे वेगळी, पक्ष वेगळे, पायऱ्या त्याच.

हायब्रीड, मिलो आणि मस्टर

धोरण वावरात उतरते तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण, सीएसएच-१, आले. वसंतराव त्याच्या मागे हट्टाने लागले. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फासावर चढवा, असे त्यांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर केले होते.

आमच्या घरी ही ज्वारी आली ती नुसत्या ‘हायब्रीड’ या नावाने. ताट ठेंगणे, कणीस भरदार. पोती वाढली, पण कडबा घटला आणि बैलांच्या तोंडचा चारा कमी झाला. कापणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडे. पिठाला चिकटपणा नसे. आजी पाण्याला आधण आणून त्यात पीठ उकडायची आणि मग भाकरी थापायची. तरी ती काठाला चिरायचीच. बियाणे दरवर्षी विकत आणावे लागे, कारण घरचे पेरले तर पीक पहिल्यासारखे येत नसे. मंत्रालयाने उत्पादनाचा आकडा पाहिला, तर बाईने तवा आणि बैलाने गव्हाण. धोरण ठरवणाऱ्याला हे तिन्ही दिसायला हवेत.

उणिवा भरून काढायला विद्यापीठे लागतात. राहुरीला १९६८ मध्ये, अकोल्याला १९६९ मध्ये आणि परभणी व दापोलीला १९७२ मध्ये अशी चार कृषी विद्यापीठे याच कारकिर्दीत उभी राहिली. आपला कोरडवाहू कापूस आणि तूर यांच्यावरचे संशोधन अकोल्याला होते. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ पासून वसंतरावांचे नाव आहे.

आणि मग १९७२ चा दुष्काळ. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, पोरांनी सुकडी खाल्ली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात करून पाहिलेली कल्पना सरकारने राज्यभर नेली: काम मागेल त्याला काम. चौकड्या खणायच्या, खडी फोडायची, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा द्यायचा आणि मापाप्रमाणे मजुरी घ्यायची. बाईला आणि बाप्याला दर एकच. १९७७ साली त्याचा कायदा झाला. खर्चासाठी शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर घेतला गेला आणि तेवढीच भर सरकारने घातली. शहराने गावाच्या हाताला काम पुरवावे, ही गोष्ट या राज्याने कायद्यात लिहिली. २००५ साली देशाने राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

जे साधले नाही

त्याच १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या हातून शेतकरी सोडवावा, हा हेतू चोख होता. सुरुवातीला आधारही मिळाला. पण पुढे खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी आणि महिनोन्‌महिने न येणारे चुकारे हे वऱ्हाडाच्या नशिबी आले. १९८६ साली याच यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीव दिला. ते गावचे सरपंच राहिलेले होते. पहिली पायरी चढलेल्या माणसालाही शेती जगवू शकली नाही, हे या मातीने कधी विसरू नये. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. तो दिवसही १ जुलैचाच होता.

पॅकेज वरून येते. त्यात कर्जाचे व्याज असते, विहीर असते, दुभती जनावरे असतात. पण आमच्या गावाला विहीर हवी की आहे त्या नाल्याचा गाळ काढायला हवा, हे विचारणारा माणूस त्यात नसतो. तो माणूस जिल्हा परिषदेत असतो. असायला हवा.

मार्च २०२२ मध्ये यवतमाळ जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. पुढची तीन वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात दारव्ह्याच्या पंचायत समितीत गेलेल्या शेतकऱ्याला अर्ज द्यायला खिडकी होती, पण सभापतीची खुर्ची रिकामी होती. पूल का झाला नाही, हे सभागृहात उभे राहून विचारणारा कोणी नव्हता. त्या वर्षांतही १ जुलैला तसबिरीला हार घातला गेला.

वसंतरावांना खरा मान द्यायचा असेल तर ही खुर्ची एक दिवसही रिकामी राहू देऊ नये. कापसाला भाव, तुरीला पाणी, पोराला शाळा या सगळ्या मागण्या मंत्रालयापर्यंत पोचतात, पण त्या मांडणारा माणूस आधी तालुक्यात तयार व्हावा लागतो. गहुलीतून मुंबईला पोचलेल्या माणसाने खालच्या पायऱ्या बांधून ठेवल्या, त्या त्याच्यामागून येणाऱ्यांसाठी. त्यांवर पाय ठेवणारी पोरगी आज दारव्ह्याच्या एखाद्या वावरात डवऱ्यामागे चालत असेल. तिला चढायला पहिली पायरी जागेवर असली पाहिजे.