'हॅपी मोहरम' म्हणायचं का? आधी या शब्दाचा अर्थ समजून घ्या

मोहरमची सुट्टी आली की व्हॉट्सॲप स्टेटसवर चंद्रकोरीचा फोटो आणि 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' दिसू लागतात. त्यावर कुणीतरी सुनावतं, "हा शोकाचा दिवस आहे, शुभेच्छा कसल्या देताय?" तेवढ्यात तिसरा सांगतो, "अरे, हे तर मुस्लिमांचं नवीन वर्ष!"

या दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. गोंधळ होतो, कारण मोहरम हे एका दिवसाचं नाव आहे असं आपण धरून चालतो.

मोहरम म्हणजे नेमकं काय?

मोहरम हा हिजरी कालगणनेतला पहिला महिना. जसा आपला चैत्र, तसा तिथे मोहरम. चैत्र म्हणजे फक्त गुढीपाडवा नव्हे, तसंच मोहरम म्हणजे एकच दिवस नव्हे. हा महिना चंद्रदर्शनानुसार २९ किंवा ३० दिवसांचा असतो.

१ मोहरमला हिजरी वर्ष सुरू होतं. प्रेषित मोहम्मद यांनी इ.स. ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला स्थलांतर केलं. या 'हिजरत'पासून वर्षं मोजायची पद्धत खलिफा उमर यांच्या काळात सुरू झाली.

आपल्या कॅलेंडरमध्ये सुट्टी असते ती मात्र १० मोहरमची. या दिवसाला 'आशुरा' म्हणतात. अरबीत 'अशरा' म्हणजे दहा, त्यावरून हे नाव आलं.

'हराम'शी काय संबंध?

मोहरम आणि हराम हे दोन्ही शब्द ह-र-म या एकाच अरबी धातूपासून आले आहेत. मराठीत 'हराम' ही जवळपास शिवीच झाली आहे. पण मूळ अर्थ आहे 'मनाई असलेलं'. ही मनाई एखादी गोष्ट वाईट आहे म्हणून असू शकते, तशीच ती पवित्र आहे म्हणूनही असू शकते. सोवळ्याला हात लावायचा नाही असं म्हणतात, ते ते वाईट असतं म्हणून नव्हे. मक्केतल्या मुख्य मशिदीचं नावच 'अल-मस्जिद अल-हराम' आहे. 'मोहतरमा' हा आदराचा शब्दही याच कुळातला.

मोहरममध्ये मनाई होती ती युद्धाची. जुल्काद, जिल्हज, मोहरम आणि रजब हे चार महिने पवित्र मानले जात. या काळात लढाई करायची नाही, असा अरबस्तानातला जुना संकेत होता. इस्लामनेही या महिन्यांचं पावित्र्य कायम ठेवलं.

मग शोक कशाचा?

लढाई निषिद्ध असलेल्या याच महिन्यात, १० मोहरम हिजरी ६१ रोजी, म्हणजे इ.स. ६८० मध्ये, आजच्या इराकमधल्या करबला इथे यझीदच्या सैन्याने प्रेषितांचे नातू इमाम हुसैन यांना ठार केलं. त्यांचे मोजके साथीदार आणि नातेवाईकही मारले गेले.

शिया मुस्लिमांसाठी म्हणूनच हा मातमचा काळ असतो. मजलिसीत करबलाची कथा सांगितली जाते, काळे कपडे घातले जातात. अनेक सुन्नी मुस्लिम आशुराला रोजा ठेवतात. प्रेषित मुसा यांची फिरऔनच्या जुलमातून सुटका झाली, तो हा दिवस अशी त्यामागची श्रद्धा आहे. हुसैन यांच्याबद्दलचा आदर मात्र दोघांमध्येही आहे.

महाराष्ट्रातला मोहरम

आपल्या गावांमध्ये मोहरम म्हणजे ताबूत, पंजे आणि डोले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत प्रसिद्ध आहेत आणि तिथे हिंदू-मुस्लिम मिळून त्यात भाग घेतात. 'ताबूत' या अरबी शब्दाचा अर्थ शवपेटी. मिरवणूक संपल्यावर ताबूत 'थंडे' केले जातात. 'प्रचाराचे ताबूत थंडावले' हा बातम्यांमधला वाक्प्रचार यावरूनच आला. म्हणजे ढोल-ताशे कितीही वाजले तरी या मिरवणुकीच्या मुळाशी एका मृत्यूची आठवण आहे.

दरवर्षी तारीख का बदलते?

हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. त्यात आपल्यासारखा अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे मोहरम दरवर्षी १०-१२ दिवसांनी अलीकडे येतो. भारतात आशुरा २०२३ मध्ये २९ जुलैला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला होता.

मग पोस्टमध्ये लिहायचं काय?

• १ मोहरमला 'हिजरी नववर्षाच्या शुभेच्छा' म्हणता येतं. पण शिया मित्रांसाठी शोकाचे दिवस त्याच दिवसापासून सुरू होतात, त्यामुळे त्यांना त्या पाठवू नका.

• १० मोहरमला 'हॅपी', 'मुबारक', 'शुभेच्छा' हे शब्द टाळा. 'इमाम हुसैन यांच्या बलिदानाला अभिवादन' एवढं पुरेसं आहे.

• आणि 'मोहरम' की 'मुहर्रम'? मूळ अरबी उच्चार 'मुहर्रम'च्या जवळ जातो, पण मराठीत 'मोहरम' रुळलेला आहे. दोन्ही चालतात. कमेंटमध्ये त्यावरून भांडायची गरज नाही.