माठाचा श्वास, लोहचुंबकाचा लगाम

लहानपणी मी एकदा घरातला माठ निळ्या ऑइलपेंटने रंगवला. दिसायला झकास, पण दुसऱ्या दिवसापासून पाणी कोमटच. अम्मीने कपाळावर हात मारला. "अरे बेटा, माठाचा श्वासच कोंडलास की!" पुढे मी बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. अम्मीचे ते वाक्य भौतिकशास्त्रातही चपखल बसते, हे फार उशिरा कळले.

माठाची भिंत सच्छिद्र. पाणी तिच्यातून पाझरते आणि बाहेर येऊन त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि तिचा मोठा वाटा आतल्या पाण्यातून जातो. पाणी निघाले की उष्णताही त्याच्याबरोबर निघाली! किती वेगाने निघणार, हे भिंतीलगतच्या हवेच्या पातळ थरावर ठरते. जर्मनीतील लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये या 'सीमास्तरा'चे महत्त्व दाखवले. वाऱ्याची झुळूक आली की थर पातळ होतो, म्हणून खिडकीतला माठ अधिक गार.

यंत्रांतही हीच युक्ती आहे. वाहता द्रव सच्छिद्र भिंतीतून थोडा शोषून घेतला, तर थर पातळ होऊन उष्णतेची देवघेव वाढते. उलट छिद्रांतून थंड वायू बाहेर सोडला, तर तप्त भिंतीवर जणू पांघरूण पडते.

आता लोहचुंबक. वीज वाहून नेणारा द्रव चुंबकाजवळून वाहू लागला की त्यात वीजप्रवाह निर्माण होतो, आणि चुंबक त्या प्रवाहावर उलटा जोर लावून द्रवाला मागे खेचतो. मायकेल फॅरडे यांनी १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तांब्याचे पत्रे सोडले; पृथ्वीच्या चुंबकत्वातून वाहणाऱ्या नदीत वीज सापडते का ते पाहायला. खात्रीचे उत्तर काही मिळाले नाही. डेन्मार्कच्या हार्टमन यांनी १९३७ मध्ये पाऱ्यावर प्रयोग केले, तेव्हा हा लगाम स्पष्ट दिसला. लगाम लागला की द्रव मंदावतो, आणि त्याच्याबरोबर जाणारी उष्णताही. भिंत सच्छिद्र असेल तर शोषण थर पातळ करू पाहते आणि चुंबक प्रवाह अडवतो, अशी ओढाताण चालते. (माठाखाली चुंबक ठेवून मात्र काही होणार नाही. पिण्याच्या पाण्यातून वीज फारच कमी वाहते.)

ही ओढाताण आपल्या खिशातल्या मोबाइलपर्यंत पोचली आहे. चिपसाठी लागणारे सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळल्यावर धातूसारखी वीज वाहून नेते. ते ज्या क्वार्ट्झच्या मुशीत असते, तिची भिंत हळूहळू विरघळते आणि तिच्यातला ऑक्सिजन रसात मिसळतो. रस खळबळत राहिला, तर तो थेट स्फटिकापर्यंत जातो. म्हणून मोठे स्फटिक ओढताना मुशीभोवती अनेकदा चुंबक लावतात. खळबळ शमते, ऑक्सिजन आटोक्यात राहतो. पण तो अगदीच नको, असेही नाही. थोडा असला तर स्फटिक बळकट होतो, फार झाला तर त्यात दोष पडतात.